डिस्प्ले येत नाही

संगणक दुरुस्त करणाऱ्यांच्या मराठीत एक वाक्य गेली तीस-पस्तीस वर्षे जसेच्या तसे टिकून आहे : ‘चालू होतोय, पण डिस्प्ले येत नाही.’ या काळात फुगीर काचेचे मॉनिटर जाऊन सपाट पडदे आले. फ्लॉपी गेली, तिच्या जागी आलेली सीडीही गेली. सदाशिव पेठेतले कितीतरी वाडे पडून त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. हे वाक्य मात्र जागचे हलले नाही. दुकानाच्या काउंटरवर कॅबिनेट आणून ठेवणारे गिऱ्हाईक आजही हेच म्हणते, आणि पलीकडचा माणूस फारसे काही न विचारता बाजूचे स्क्रू काढायला घेतो.

या वाक्यातले क्रियापद पाहण्यासारखे आहे. पाणी येत नाही, लाइट येत नाही, रेंज येत नाही, झोप येत नाही, त्याच चालीवर डिस्प्ले येत नाही. जी गोष्ट आपण करत नाही, जी कुठून तरी निघून कुठल्या तरी वाटेने आपल्यापर्यंत पोचायची असते, तिला मराठी माणूस ‘येणे’ लावतो. संगणकाचे शास्त्र न शिकलेल्या कुणीतरी हा शब्दप्रयोग रूढ केला असेल, पण तो शास्त्राला धरून आहे. पडद्यावरचे चित्र पडद्यात तयार होत नाही. ते लांबून येते, आणि त्याच्या वाटेत बरेच मुक्काम असतात.

ही वाट थोडक्यात अशी. बटण दाबल्यावर आधी एसएमपीएस, म्हणजे विजेचा पुरवठा करणारा डबा, आपले सगळे व्होल्टेज स्थिर झाल्याची खूण मदरबोर्डला देतो. ती मिळाली की प्रोसेसर जागा होतो आणि बोर्डवरच्या एका लहानशा चिपमध्ये साठवलेल्या बायोस नावाच्या प्रोग्रॅमची पहिली आज्ञा वाचतो. बायोस रॅम तपासतो, ती वापरता येण्याजोगी करतो, मग ग्राफिक्सच्या भागाला हाक मारतो. त्याने ओ दिली तरच केबलमधून काहीतरी निघते आणि मॉनिटरपर्यंत पोचते. या आत्मपरीक्षणाला ‘पॉवर ऑन सेल्फ टेस्ट’ म्हणतात. म्हणजे पडदा हे या वाटेवरचे शेवटचे घर. आधीच्या कुठल्याही मुक्कामाला अडथळा आला तरी त्या घरी दिसणारा परिणाम एकच, अंधार. वीज कमी पडली तरी अंधार, रॅम नीट बसली नसली तरी अंधार, केबल सैल असली तरीही अंधारच. दोष पंधरा प्रकारचे आणि लक्षण एक, असा हा रोग आहे.

ज्यांनी ही यंत्रे घडवली त्यांना ही अडचण ठाऊक होती. पडद्यावर ‘पडदा चालत नाही’ अशी सूचना देता येत नाही. म्हणून १९८१ साली आयबीएमचा पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला, त्यातच एक छोटा स्पीकर होता. सगळे ठीक असले तर एक आखूड शिटी, एक लांब आणि दोन आखूड आल्या तर डिस्प्लेच्या बाजूला बिघाड. पुढे निरनिराळ्या कंपन्यांच्या बायोसच्या निरनिराळ्या शिट्या झाल्या. १९९०च्या दशकात पेठांतल्या छापखान्यांत खिळे जुळवणारे जाऊन डीटीपीवाले आले. श्री-लिपी आणि आयएसएमवर पाने लावून पोट भरणाऱ्यांपैकी मी एक. आमच्यापैकी प्रत्येकाला आपल्या यंत्राची शिटी कुकरच्या शिटीसारखी ओळखता येई. हल्लीच्या बहुतेक बोर्डांबरोबर तो स्पीकर येत नाही. त्याऐवजी पुष्कळ बोर्डांच्या कडेला चार बारीक दिवे असतात : प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट. यंत्र ज्या मुक्कामी अडले, तिथला दिवा तेवत राहतो. पडदा काळा असला म्हणून यंत्र मुके असते असे नाही. ते बोलत असते, फक्त आपण पाहतो आहोत तिथे बोलत नसते.

पाण्याचा उल्लेख वर आलाच आहे, तर या पेठेत राहणाऱ्याला कात्रजचा नळ आठवल्याशिवाय राहत नाही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५०च्या सुमारास, कात्रजच्या तलावातून शहरात पाणी आणले गेले. जमिनीखालून बांधलेला बंदिस्त नळ, पंप नाही, यंत्र नाही, केवळ उताराच्या हिशेबावर शनिवारवाड्यापर्यंत आणि वाटेतल्या हौदांपर्यंत पोचणारे पाणी. सदाशिव पेठेच्या हौदाचे नाव पत्त्यांत अजून शिल्लक आहे. या नळावर ठरावीक अंतराने उच्छ्वास बांधलेले होते. आत कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि वेळ आली तर आत पाहता यावे, गाळ काढता यावा, यासाठी. हौद कोरडा पडला म्हणून कुणी हौद फोडून पाहत नाही. एका उच्छ्वासात पाणी आहे आणि पुढच्यात नाही, एवढे कळले की अडथळा त्या दोहोंच्या मध्ये आहे. सगळा नळ खणायची गरज उरत नाही. दोष शोधण्याची याहून चांगली रीत अडीचशे वर्षांत निघाली आहे असे मला वाटत नाही. कोरड्या जागेकडे पाहत बसायचे नाही, पाणी शेवटचे कुठे होते ते शोधायचे.

हे सारे मनात येण्याचे कारण २०२४च्या डिसेंबरातली एक शनिवारची रात्र. आमच्या इमारतीत तळमजल्यावर तीन खोल्या कॉट बेसिसवर दिलेल्या आहेत. सदाशिव पेठेचे आजचे अर्थकारण समजून घ्यायचे तर या दोन शब्दांपासून सुरुवात करावी लागते. खोली नव्हे, खाट भाड्याने. खाटेवर राहायचे, अभ्यासिकेत बसायचे, मेसमध्ये जेवायचे आणि लोकसेवा आयोगाच्या जाहिरातीची वाट पाहायची. असा दिनक्रम असलेली हजारो मुले-मुली आमच्या आसपास राहतात. त्यांतला एक, बीड जिल्ह्यातून आलेला, सहा वर्षे आमच्या जिन्यात येता-जाता दिसे. राज्यसेवेची पूर्व परीक्षा तो तीनदा उत्तीर्ण झाला, एकदा मुख्य परीक्षेत थोडक्यात राहिला. एकोणतिसाव्या वर्षी त्याने पुस्तके अभ्यासिकेतल्या एका धाकट्या मुलाला देऊन टाकली आणि इमारतींची त्रिमितीय चित्रे, चालती-फिरती दृश्ये तयार करण्याचे काम शिकून घेतले. वर्षभर दुसऱ्यांच्या यंत्रांवर काम केल्यावर त्याने स्वतःचा संगणक जुळवायला घेतला. ८५ हजार रुपयांचे सुटे भाग. त्यांतले ४० हजार बहिणीने गावच्या बचत गटातून उचलून दिलेले. पहिल्या हप्त्याची तारीख ठरलेली, आणि सोमवारी एका बांधकाम व्यावसायिकाला काम दाखवायचे होते.

रात्री नऊच्या सुमाराला तो वर आला. ‘‘काका, तुम्ही पहिलं ही कामं करत होता म्हणं. पंखे फिरायलेत सगळे, पण डिस्प्लेच येईना झालाय.’’

खाली गेलो तेव्हा खाटेवर उघडे कॅबिनेट होते आणि भोवती अभ्यासिकेतले चार मित्र. चौघांचे चार सल्ले. एकाचे मत रॅम खोडरबराने पुसावी. हा आपल्याकडच्या दुरुस्तीशास्त्राचा पायाभूत सिद्धान्त आहे आणि जुन्या यंत्रांत तो बरेचदा खराही ठरतो, कारण संपर्काच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसलेला असतो. पण पुष्कळदा गुण खोडरबराचा नसून रॅम काढून पुन्हा नीट बसवण्याचा असतो. दोन्ही एकदम केल्यामुळे श्रेय कुणाचे हे कधीच कळत नाही, आणि खोडरबराची कीर्ती वाढत जाते. दुसऱ्याला वाटत होते, ग्राफिक्स कार्डच खराब आले. तिसरा म्हणत होता, सगळेच काढून पहिल्यापासून लाव. चौथा काही न बोलता दुकानाला फोन लावत होता. दुकान शहरातलेच. फोनवरच्या माणसाने सांगितले की आमच्याकडून माल निघाला तेव्हा ओके होता, तुम्ही स्वतः जुळवले आहे, सॉकेटच्या पिना वाकल्या असतील तर वॉरंटी मिळणार नाही. त्या वाक्यानंतर मुलाचा चेहरा उतरला. यंत्र नादुरुस्त असणे ही एक गोष्ट, आणि बहिणीचे पैसे आपल्या हातून वाया गेले असणे ही दुसरी. त्या क्षणापासून तो दुसऱ्या गोष्टीला उत्तर शोधत होता.

‘‘एकदाच सगळं बदलून बघू का?’’ त्याने विचारले.

‘‘नाही. एका वेळी एकच. आणि केलेलं प्रत्येक लिहून ठेव.’’

परीक्षेची सवय असल्यामुळे लिहिण्याची आज्ञा त्याला लगेच समजली. त्याने वही काढली, पट्टीने तीन रकाने आखले : काय केले, काय दिसले, काय ठरले.

आम्ही शेवटच्या घरापासून उलटे चालू लागलो. मॉनिटर आणि केबल माझ्या लॅपटॉपला जोडून पाहिली. चित्र आले. म्हणजे ते घर आणि त्याच्या दारातला रस्ता शाबूत. मग वीज. नवशिके बोर्डची मोठी चोवीस पिनांची जोडणी करतात आणि प्रोसेसरची वेगळी आठ पिनांची वायर विसरतात. पंखे मात्र तिच्याशिवायही फिरतात, म्हणून फसगत होते. त्याने ती लावलेली होती. ग्राफिक्स कार्ड काढून ठेवले आणि केबल थेट बोर्डला लावली. काही प्रोसेसरांत चित्र काढणारा भाग मुळातच नसतो, तिथे हा उपाय व्यर्थ असतो. याच्या प्रोसेसरात तो होता. अंधार कायम, पण एक संशयित कमी झाला. रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकच ठेवली, प्रोसेसरपासून दुसऱ्या खाचेत, दोन्ही टोके ‘टक्’ असा आवाज करीपर्यंत दाबून. मग दुसरी पट्टी. मग वीज काढून, बोर्डवरचा नाण्याएवढा सेल काढून, जुन्या नोंदी पुसल्या. शेवटी बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला, न जाणो मागच्या बाजूला एखादा पितळी खुंट भलत्या जागी टेकत असला तर. बटण नसल्यामुळे स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दोन पिना क्षणभर जोडून यंत्र सुरू करायचे. दर वेळी पंखा फिरे, पडदा काळा राही आणि बोर्डच्या कडेचा एकच लाल ठिपका तेवत राही : प्रोसेसरच्या शेजारचा.

साडेअकराला तो म्हणाला, ‘‘म्हणजे पिनाच वाकल्या असणार.’’ आता पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते. प्रुफे तपासायला वापरायचे माझे जुने भिंग आणले, पंखा उतरवला, प्रोसेसर उचलला, मोबाइलचा दिवा तिरपा धरला. त्या सॉकेटमध्ये दीड हजाराहून अधिक पिना असतात. प्रकाश तिरपा पडला की त्या पिकलेल्या शेतासारख्या दिसतात, आणि एक जरी आडवी झाली असली तरी ओळ मोडलेली नजरेला येते. आम्ही दोघांनी आळीपाळीने, ओळीमागून ओळ, पाऊण तास पाहिले. एकही ओळ मोडलेली नव्हती. त्याने वहीत लिहिले : ‘पिना सरळ.’ आणि खाली रेघ मारली. त्या रात्री त्याने मारलेली ती पहिली रेघ.

मग आम्ही वाचायला बसलो. बोर्डच्या खोक्यावर एक बारीक चिठ्ठी असते, तिच्यावर कारखान्यातून निघताना बोर्डमध्ये बायोसची कोणती आवृत्ती होती त्याचा आकडा असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर कोणता प्रोसेसर कोणत्या आवृत्तीपासून चालतो त्याची यादी असते. दोन्ही शेजारी ठेवल्यावर प्रकरण उलगडले. त्याचा प्रोसेसर त्या वर्षी नवा आलेला, बोर्ड त्याआधी तयार होऊन कुठल्या तरी फळीवर पडून राहिलेला. एकाच सॉकेटमध्ये प्रोसेसरच्या दोन-तीन पिढ्या बसतात, पण बसणे वेगळे आणि ओळख पटणे वेगळे. बोर्डमधला प्रोग्रॅम लिहिला गेला तेव्हा हा प्रोसेसर अस्तित्वातच नव्हता. दारात उभ्या असलेल्याचे नाव त्याच्या यादीत नव्हते. दोघेही धडधाकट होते.

अशा वेळी बायोस नवा करावा लागतो, आणि त्यासाठी एरवी पडदा लागतो. सुदैवाने त्या बोर्डच्या मागच्या बाजूला यासाठीच एक बटण होते : नवी फाइल पेनड्राइव्हवर ठरावीक नावाने ठेवायची, ती ठरावीक खाचेत घालायची, बटण काही सेकंद दाबून धरायचे. मग यंत्र न चालवताच बोर्ड स्वतःचा मजकूर पुसून नवा लिहून घेतो. तेवढ्या वेळात वीज गेली तर मात्र जुनाही नाही आणि नवाही नाही, अशी अवस्था होऊ शकते. म्हणून रात्री एक वाजता अभ्यासिकेच्या काउंटरवरचा यूपीएस मागून आणला. त्या मुलांच्या जगात असल्या मागण्यांना कुणी कारण विचारत नाही. बटणाजवळचा दिवा लुकलुकायला लागला. सहाएक मिनिटे सहाजण एका लुकलुकत्या ठिपक्याकडे पाहत बसलो होतो. तो थांबला. यंत्र सुरू केले. पुन्हा अंधार. मुलाचा हात बटणाकडे गेला तो मी धरला. डीडीआर५ जातीच्या रॅमशी नवा बोर्ड पहिल्यांदा जुळवून घेतो तेव्हा काही मिनिटे घेतो, आणि तेवढ्यात घाबरून बंद करणारे लोक ते काम पुनःपुन्हा पहिल्यापासून सुरू करून देतात. तिसऱ्या मिनिटाच्या आसपास पडदा आधी करडा झाला, मग त्यावर पांढरी अक्षरे आली. नवा प्रोसेसर बसवलेला दिसतो आहे, पुढे जायचे का, असे यंत्र विचारत होते.

पोरांनी आरडाओरडा केला. वरून एका खिडकीतून, आमच्या पेठेच्या लौकिकाला साजेशी, वेळेची जाणीव करून देण्यात आली.

मुलाने नंतर विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. ‘‘काका, म्हणजे फॉल्ट कुणाचाच नव्हता?’’ भागांत दोष नव्हता, हे खरे. पण दोष नसणे आणि जबाबदारी नसणे या दोन गोष्टी आपण फार सहज एक करतो. बोर्ड आणि प्रोसेसर एकाच पावतीवर विकणाऱ्याला खोक्यावरची चिठ्ठी वाचता येत होती. ती वाचणे त्याचे काम होते, तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त डीटीपीवाल्याचे नव्हे. ते न करता ‘तुम्हीच पिना वाकवल्या असतील’ असे म्हणणे म्हणजे काळ्या पडद्याचा अर्थ आपल्या सोयीने लावणे. आणि ज्याच्याकडे पैसे थोडे, वेळ थोडा, तो असला अर्थ लगेच खरा मानतो. साडेअकरा वाजता त्या मुलाने पिना पाहिल्याही नव्हत्या, तरी त्याच्या मनात त्या वाकून गेल्या होत्या.

मला भीती वाटते ती या मनातल्या वाकण्याची, कारण आमच्या गल्लीत मी ते वर्षानुवर्षे पाहतो आहे. पूर्व, मुख्य, मुलाखत अशी तीन मुक्कामांची वाट, आणि जगाला दिसणारी एकच गोष्ट, शेवटची यादी. यादीत नाव नाही म्हणजे काय, याचा अर्थ गावाकडचे, नातेवाईक, शेवटी तो स्वतः एकाच तऱ्हेने लावतो : मालच खराब. त्या मुलाने राज्यसेवेची तयारी केली ती बहुतांशी बहुपर्यायी असलेल्या मुख्य परीक्षेसाठी. मधेच पद्धत वर्णनात्मक करण्याचे ठरले. ती २०२३पासूनच यायची होती, पुण्यात उमेदवारांनी आंदोलन केल्यावर २०२५पासून लागू करण्याचे आयोगाने २०२३च्या फेब्रुवारीत जाहीर केले. नवी पद्धत वाईट असे मी म्हणत नाही, कदाचित ती अधिक चांगलीही असेल. पण एका आवृत्तीसाठी तयार झालेली माणसे दुसऱ्या आवृत्तीच्या दारात उभी राहतात, तेव्हा कुणीतरी चिठ्ठी वाचायला हवी, आणि दार न उघडल्याचा अर्थ बाहेरच्याचा बिघाड असा लावण्याआधी थांबायला हवे. माणसांच्या बाबतीत मागच्या बाजूला बटण नसते हे मला समजते. उपमा तिथे संपते. पण पाणी शेवटचे कुठे होते ते पाहण्याची रीत तिथेही लागू पडते. तीनदा पूर्व परीक्षा उत्तीर्ण होणे हा एक उच्छ्वास आहे, आणि त्यात पाणी आहे.

त्याचे काम सोमवारी होऊ शकले नाही, बुधवारी झाले. समोरच्याने कुरकुर करून पैसे दिले. बचत गटाचा पहिला हप्ता वेळेवर गेला. दुकानाकडे त्याने लेखी तक्रार केली, आणि सोबत वहीतली ती तीन रकान्यांची पाने जोडली. कोणत्या वेळी काय बदलले आणि काय दिसले, सगळे ओळीने. दोन आठवड्यांनी दुकानातून फोन आला. आता नवा बोर्ड देताना आम्ही बायोस तपासून देतो, असे त्याला सांगण्यात आले. दिलगिरी वगैरे काही नाही.

पानांची एक झेरॉक्स मी मागून घेतली आहे. एकोणीस ओळी आहेत. त्यांतल्या सतरा ओळींच्या शेवटच्या रकान्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा लिहिलेला आहे : ‘ठीक’.